शाईची जाडी

पाणीपुरवठ्याच्या विभागांचा नवा नकाशा करायला
मला घेतलंय अकरा महिन्यांच्या करारावर.
टेबल पर्वतीच्या पायथ्याशी, कपाटाच्या आड.
खुर्चीचं एक चाक गेलेलं,
म्हणून सगळ्या हद्दी मी आखते
किंचित डावीकडे कलून.

जुना नकाशा कापडावरचा.
उघडला की डांबरगोळ्यांचा वास,
घडीघडीवर विरलेला, दहा हजारास एक प्रमाण:
बोटभर चाललं की पुणं ओलांडून पलीकडच्या पेठेत.
खाली कोपऱ्यात सही, ग. तांबोळी, अनुरेखक.

स्क्रीनवर पूर्व आणि पश्चिम शेजारी ठेवले
तर मध्ये फट.
आंबील ओढ्याच्या कडेनं, पडवळासारखी,
सहा मीटर रुंद, लांबी दीडशे.
सॉफ्टवेअर तिला तांबडं करून विचारत राहिलं:
भरू का?

मी जवळ गेले.
सतरा पत्रे, एक कडुलिंब, निळी टाकी,
छपरावर वाळत घातलेली गोधडी,
तिच्यावर वाऱ्यानं उडू नये म्हणून टायर.
शेवंता कुचेकरांचा नळ उपग्रहाला दिसत नाही.
तो मला अर्जांतून ठाऊक होता.
दोन्हीकडच्या फायलींत मिळून एकोणीस,
एकच तिरकं अक्षर,
प्रत्येकाखाली एकच शेरा, शिक्का तेवढा वेगळा:
सदर ठिकाण या कार्यालयाच्या हद्दीत येत नाही.

तांबोळींना शोधत कोंढव्याला गेले.
मोतीबिंदू काढलेला, चहा बशीतून.
फोटो नाकाशी धरून हसले.
“फट कसली पोरी, रेघ आहे माझी ती.
तीनचं निब मागितलं होतं,
स्टोअरमध्ये सहाचंच शिल्लक.
साहेब म्हणाले, चालवून घ्या.”
मग बशी खाली ठेवली.
“रेघेच्या अलीकडं माणसं, पलीकडं माणसं,
एवढं शिकवलं होतं आम्हाला.”

म्हणजे पूर्वेनं शाईचा आपल्याकडचा काठ धरला,
पश्चिमेनं आपल्याकडचा,
आणि चाळीस वर्षं
सतरा घरं शाईत राहिली.

गल्लीत उभी राहिले यंत्र घेऊन.
यंत्र म्हणालं, तू इथे आहेस, पाच मीटर इकडेतिकडे.
शेवंताबाई धुणं पिळता पिळता बघत होत्या.
नळाला सायकलची ट्यूब गुंडाळलेली,
तरी धार पायरीवरून ओढ्याकडे.
“तुम्हाला कुठं टाकू?” मी विचारलं,
“पूर्वेला की पश्चिमेला?”
“जिकडचा साहेब फोन उचलतो तिकडं.”

तिथूनच लावले.
पूर्वेला वाजून वाजून थांबला.
पश्चिमेला कुणीतरी उचलला,
साहेब मीटिंगला आहेत म्हणाला,
पण उचलला.

हद्दबदलाचे कारण, या रकान्यात पर्याय चार:
ओढा, रस्ता, लोकसंख्या, इतर.
मी ‘इतर’वर टिचकी मारली.
फट मिटली. तांबडं गेलं.
ढमढेरे साहेबांनी न बघता सही केली,
त्यांना फक्त रंग फिका वाटला.

संध्याकाळी तांबोळींना फोन केला.
म्हटलं, आता रेघेला जाडीच नाही,
कितीही जवळ जा, केसाएवढीसुद्धा होत नाही.
बराच वेळ पलीकडे टीव्हीच ऐकू येत होता.
“मग ती आहे कुठं?”

विसावा अर्ज पश्चिमेला गेला.
उत्तर आलं पंचवीस दिवसांनी, दोन ओळींचं:
सदर ठिकाण या कार्यालयाच्या हद्दीत आहे.
निधी उपलब्ध नाही.

नळ गळतोच आहे.
पत्र शेवंताबाईंनी दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घातलंय,
रेशनकार्डाला लागून,
दोऱ्यानं बांधून.